रिकाम्या नळीतलं तळं

१

नळी जागच्या जागी होती. नळीतलं तळं तेवढं गेलं होतं.

तनुजानं कपाटाच्या खालच्या फळीवरून ती उचलली आणि वजनावरूनच तिच्या हाताला कळलं. उभी धरली तर छातीला लागेल एवढी लांब, मनगटाएवढी जाड, पांढऱ्या प्लॅस्टिकची नळी. मधोमध उभी चिरलेली आणि पुन्हा जुळवून चिकटपट्टीनं बांधलेली. पिंपळखोऱ्याच्या पाझर तलावाच्या तळात ती तिनं दोन वर्षांपूर्वी ठोकून बसवली होती. वर ओढली तेव्हा आत तळ्याची अख्खी जन्मकुंडली आली होती. कोणत्या पुरानं डोंगरावरून किती माती आणली, ते थरावर थर, एकूण सात. आज दुपारी तीनला पुण्याच्या परीक्षक सुलेखाबाई ते थर स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या. पीएचडीची मुदत याच आठवड्यात संपत होती.

तिनं पट्टी सोडली. दोन्ही फाळ्या आतून लख्ख पुसलेल्या.

"आत्याबाई," ती एवढंच म्हणाली आणि रिकामी नळी त्यांच्यापुढं धरली.

आवडाबाई दाराशी स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सून सकाळी न खाता चिकलठाण्याच्या घरातून पळाली म्हणून डबा घेऊन उस्मानपुऱ्यातल्या या केंद्रात आल्या होत्या, आणि दोनच्या एसटीनं कन्नडला, तिथून गावाला, पिंपळखोऱ्याला जायचं होतं. शिक्षण दुसरीपर्यंत. पुढं मास्तर बदलून गेले म्हणून राहिलं, असं त्या सांगत. मास्तर यांच्या तोंडाला भिऊनच बदलून गेला, असं गाव सांगे. सुनेला घरात म्हणायच्या, "नवऱ्याच्या शर्टाची माती निघत नाय हिच्याच्यानं, अन् तळ्याची माती नळीत भरून मिरवते." बाहेर मात्र शब्द वेगळे. "आमची सून डॉक्टर व्हणार. सुईची नव्हं, डोंगराची."

त्यांनी उठून नळीत डोकावून पाहिलं. "कुणी काढलं गं ह्याच्यातलं?"

तेवढ्यात तनुजाचे मार्गदर्शक इंद्रजीत सर आत आले. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा सदरा, आवाज असा की शिव्यासुद्धा आशीर्वाद वाटाव्यात. त्यांनी नळी पाहिली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "कडुबा, चॅनल गेट ओढा. नमुना मिळेपर्यंत कोणी खाली जाणार नाही."

लोखंड करकरत मिटलं. कुलूप पडलं.

"अन् मी?" आवडाबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्हीसुद्धा."

आवडाबाईंनी आयुष्यात दुसऱ्यांवर पुष्कळ दारं लावली होती. त्यांच्यावर दार लावणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला, आणि त्यानं चावी खिशात टाकली.

२

भूरूप अभ्यास केंद्र म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. जिना एक, गेट एक. गेल्या साली मोजणीची यंत्रं चोरीला गेली, तेव्हापासून गॅलरीला जाळी ठोकलेली. खाली मोतीराम पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायचा, डबासुद्धा. त्या बंद हवेत पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. आवडाबाईंना गव्हाच्या कणगीत कोंडल्यागत झालं.

सरांनी तनुजाला केबिनमध्ये बोलावलं. ती परत आली ती हातात कागद घेऊन.

"वाच," आवडाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

"माझ्या निष्काळजीपणामुळे गाळाचा नमुना नष्ट झाला आहे. त्यामुळे प्रबंध सादर करणे मला शक्य नाही. तरी माझी नोंदणी रद्द करावी." तनुजा कागदाकडं बघत राहिली. "सर म्हणतात, बाराच्या आत सही केली तर सुलेखाबाईंना वाटेतूनच परत पाठवता येईल. नाहीतर चौकशी बसेल. मीच तपासणीला भिऊन माती फेकली असं होईल. काळ्या यादीत नाव जाईल."

"अन् सही केली तर?"

"पाच वर्षं गेली. पण बदनामी नाही. गेट उघडतील."

"म्हंजे सापळ्यात उंदराला दोन भोकं दाखवली, अन् दोन्हीकडं मांजरच." आवडाबाईंनी कागद तिच्या हातातून घेतला, चार घड्या केल्या, स्टुलावर ठेवला आणि त्यावर बसल्या. "बारा वाजेस्तोवर हा माझ्याखाली. कुणात दम असंल तर उठवा मला."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं, पण दखल घेतली नाही. रडणाऱ्याला हात लावला की आणखी रडतं.

"मला सांग, काल ही नळी भरलेली होती?"

"काल सकाळी मी स्वतः बघितली. दुपारनंतर सर, दीपमाला मॅडम, सोमनाथ अन् कडुबा, चौघंही आलटून पालटून इथं एकटे होते. कपाटाची चावी खिळ्यालाच असते."

"बरं. आता माती काय कापूर नाय उडून जायला. धुऊन टाकली म्हणावं तर तुमच्या बेसिनला पाणी हाय का?"

"चार दिवस झाले, नळ कोरडा. पाणी आता शुक्रवारी येणार."

"बेसिनमधी चिखलाचा डागबी नाय, मी आत्ताच हात धुवायला गेले होते. पिशवीतनं न्यावी तर खाली तो मोतीराम. माझ्या डब्यातल्या मेथीत बोट घालून बघितलं मेल्यानं. जाळीतनं फेकावी तर खाली त्याचीच खुर्ची, त्याच्याच टकलावर पडली असती." आवडाबाईंनी पदर खोचला. "मग गेली कुठं?"

तनुजानं खोलीभर नजर फिरवली.

"कुठंच नाय गेली. आपल्यासारखीच आत कोंडलीय. इथंच."

३

पहिला सापडला तो कडुबा. प्रयोगशाळेतला जुना माणूस, मूळचा फुलंब्रीकडचा, घरी माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं रान. बिचारा हातातली चाळणी कारण नसताना पुसत होता.

"मावशी, कुलूप मी लावतो ना, म्हणून शेवटी माझ्यावरच येणार बघा."

"येऊ दे. तुझे खांदे रुंद हायेत." स्टुलावरच्या कागदावर डबा दाबून ठेवून आवडाबाई खाल्लेल्या पेरूचा देठ टाकायला कोपऱ्यातल्या पिंपाकडं गेल्या आणि थबकल्या. "ह्यात काय टाकता रे?"

"तपासून झालेली वाया माती."

"मग ह्याच्यात नारळाचा भुसा कसा? तांबडी माती अन् भुसा. डोंगराला नारळ लागायला लागले काय?"

कडुबा वाकला. "मालूम नाय बुवा. परवा तर मी पिंप रिकामं केलं होतं."

त्याला जास्त न छेडता आवडाबाई गॅलरीत वारा घ्यायला उभ्या राहिल्या. जाळीला लागून सात कुंड्या रांगेनं मांडलेल्या, वीतभर उंचीच्या, सदाफुलीच्या.

"पाहुण्या येणार म्हणून परवाच नर्सरीतनं आणल्या," कडुबा मागून म्हणाला. "दोन दिवसांत माना टाकल्या. सकाळी जारमधलं उरलेलं पाणी घातलं, तर पिईनात. नर्सरीवाल्यानं फसवलं दिसतंय. भरल्यातबी कशा, एक अर्धी, एक काठोकाठ."

दुसरा सोमनाथ. तनुजाच्याच बरोबरचा, कन्नडजवळच्या ऊसवाल्याचा पोरगा. केंद्रात एकच जागा भरायची होती आणि ती दोघांपैकी एकाला मिळणार होती, हे आवडाबाईंना ठाऊक होतं.

"काकू, सरळ विचारा की मीच केलं का म्हणून."

"तूच केलं का?"

तो हसला. "तनुजा बाहेर पडली तर जागा मला मिळते, खरंय. पण असली मिळालेली जागा घेऊन गावात कोणत्या तोंडानं जाऊ? आमचे वडील म्हणतात, चोरीच्या पाण्यावर ऊस वाढतो, पण गोड होत नाही."

"वडलांचं सोड. काल तू इथं एकटा होतास."

"होतो. रानातल्या मातीच्या पिशव्या लावत होतो. एक पिशवी उलटी ठेवली म्हणून संध्याकाळी सरांनी अर्धा तास झापलं. नमुन्याचं वर ते वर अन् खालचं ते खाली, थर हलला की सगळं मेलं, म्हणाले. अजून कान लाल आहेत."

तिसरी दीपमाला मॅडम. तरुण प्राध्यापिका, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारी. टेबलावर हात धुवायच्या औषधाची बाटली, नखं चकचकीत. सरांच्या नावाबरोबर तिचंही नाव छापून आलेलं, डोंगर कसा हिरवा झाला त्यावरच्या लेखात.

"आजी, खरं सांगू? इतका गोंधळ कशाला तेच मला कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "गाळ गाळासारखाच असतो ना? त्याच तळ्यातून दुसरी नळी भरून आणता आली असती."

"तळ्यात आता कंबरभर पाणी हाय, बाई. उन्हाळ्याबिगर तळ मिळत नाय."

"अच्छा. माझ्यासाठी माती म्हणजे पडद्यावरचा तपकिरी रंग." ती जराशी ओशाळली. "तनुजाचं वाईट वाटतंय, खरंच."

चौथे सर. ते स्वतःच केबिनच्या दारात आले. "आजी, तपास चाललाय म्हणे."

"वेळ घालवते, सायेब. कोंडलेलं माणूस दुसरं काय करणार? तुमच्याकडं शेती कुठं?"

"शेती कसली! आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी नांगर धरला नाही. माती मी पुस्तकातून शिकलो, आणि मग तीस वर्षं डोंगर तुडवून." ते चौकटीला टेकले. "पिंपळखोऱ्याला तर मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो म्हणा ना."

घड्याळात साडेअकरा झाले होते. "अर्धा तास," सर म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

४

आवडाबाईंनी सुनेला गॅलरीत ओढलं.

"आता तू बोल. ही नळी काय सांगत होती?"

तनुजा जाळीबाहेर बघायला लागली.

"तुला विचारते मी."

"आत्याबाई, तुम्हाला राग येईल."

"मला राग रोजच येतो. आज त्याचा उपेग होऊ दे."

तनुजा जाळीकडून वळली. "थरांच्या वयाचा अहवाल गेल्या आठवड्यात आला. तोवर सरांना आणि मलाही वाटायचं की वरचे दोन जाड तांबडे थर जुन्या महापुराचे असतील. ते जुने नाहीत. अकरा वर्षांच्या आतले आहेत."

आवडाबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. अकरा वर्षांपूर्वी याच इंद्रजीत सरांच्या सांगण्यावरून पिंपळखोऱ्याच्या डोंगरावर मशीन चढलं होतं. उतारावर आडवे चर खणले की पाणी मुरेल, माती अडेल, असं सरांनी गावाला सांगितलं. म्हातारा पुंडलिक धनगर ग्रामसभेत उभा राहून म्हणाला होता, "डोंगराची साल काढू नका, खाली कच्चा मुरूम हाय." त्याला खाली बसवलं होतं कुणी? आवडाबाईंनी. "मेंढरं वळ जा, शिकल्याल्या माणसात बोलू नको," असं चारचौघांत म्हणाल्या होत्या. सरांच्या हातात नारळ दिला, खांद्यावर शाल टाकली, तीही त्यांनीच. सरांचं पुस्तक निघालं, सत्कार झाले. आणि तळं दरसाल उथळ होत गेलं.

"चरांनी माती अडली नाही," तनुजा म्हणाली. "मशीननं मुरूम मोकळा केला अन् तो तळ्यात आला. अर्धं तळं त्यानंच भरलं. तुम्हाला कसं सांगू, असं झालं होतं मला."

"सरांना सांगितलंस?"

"अहवाल पहिला त्यांनाच दाखवला. म्हणाले, शास्त्रात असं होतं, आपण सुधारू. मला तर उलट धीर दिला."

आवडाबाईंचं लक्ष कुंड्यांवर गेलं. पहिल्या कुंडीत सकाळचं पाणी अजून वरच उभं होतं आणि त्यावर नारळाचा भुसा तरंगत होता. त्यांनी भुसा बाजूला सारला, बोट खुपसलं. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. दुसरीत काळंच, पण नखाला पांढरा शंख लागला, मुगाएवढा. तिसरी, चौथी, पाचवी. हळूहळू राखी, हळूहळू भरड. सहावी काठोकाठ. बोट बाहेर आलं ते तांबडं. सातवी, तीही काठोकाठ, तीही तांबडी.

त्या तिथंच फरशीवर बसल्या.

"तनुजा, फोनमधला तो फोटू काढ. नळी चिरली तवाचा. खालून वर कसं हाय ते सांग."

"काळा, मग शंखांचा काळा, मग राखी..." तनुजा सांगत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. "आत्याबाई!"

"ओरडू नको. बाराला पाच कमी हायेत. समद्यांना इथं बोलव. अन् त्या सायबाला म्हण, सही करायचीय."

५

सगळे गॅलरीत दाटीनं उभे राहिले. सरांच्या हातात पेन होतं.

"सही व्हणार," आवडाबाई म्हणाल्या. "आधी माझं ऐका. तळं सापडलं. हे बघा, सात कुंड्यांत बसलंय. कुंडीतली मूळची माती अन् भुसा त्या पिंपात, अन् वरनं चिमूटभर भुसा झाकायला."

कडुबाचा चेहरा उतरला. "मावशी, कुंड्यांना पाणी मी घालतो, पण देवाशप्पथ—"

"तू नव्हंस रे. ऐक तर. तळ्याचा गाळ सोन्यासारखा असतो, हे खरं. उन्हाळ्यात आम्ही ट्रॅक्टरनं वाहतो. पण नुसता गाळ कुंडीत कोण भरंल? पाणी वरच तुंबतं, मूळ गुदमरतं, रोप मान टाकतं. माळ्याच्या पोरालाबी कळतं, त्यात वाळू अन् शेणखत कालवावं लागतं. कडुबा माळव्याचा, सोमनाथ उसाचा, माझी सून माझ्या हाताखाली रान करून आलेली. ह्या तिघांनी लपवला असता तर रोपं आज तरारलेली असती, अन् मला सात जन्मांत पत्ता लागला नसता. गाळ 'लई सुपीक' एवढंच ज्यानं वाचलंय, पण कुंडी कधी भरली नाय, त्याचं हे काम."

सगळ्यांच्या माना दीपमालाकडं वळल्या. ती पांढरीफटक पडली. "आजी, मी नाही..."

"तू नव्हंस. तुला गाळ गाळासारखा. तू भरला असतास तर घमेल्यात ओतून, कालवून, वाटून टाकला असतास. बघा ह्या कुंड्या. एका थराला एक कुंडी. थर पातळ तिथं कुंडी अर्धी, जाड तिथं काठोकाठ. रांगबी तीच, तळातला ह्या टोकाला, वरचा त्या टोकाला. चोरी करतानाबी ज्याला थर हलवायचं पाप करवलं नाय..." त्यांनी सरांकडं पाहिलं. "असा माणूस इथं एकच हाय. पिशवी उलटी ठेवली तर अर्धा तास झापणारा."

जाळीबाहेर एक रिक्षा हॉर्न देत गेली. सरांच्या हातातलं पेन फरशीवर पडलं, ते कुणी उचललं नाही.

"कालवायला घेतली होती," ते शेवटी म्हणाले. आवाजातला आशीर्वाद गेला होता. "पाण्याची बाटली हातात होती. दहा मिनिटं उभा होतो. कालवली की ती नुसती माती होते, आजी. तीस वर्षांत इतकी स्वच्छ नळी मला स्वतःला मिळाली नव्हती."

"सर, तुम्ही मला सांगायचं तरी," तनुजा म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि दुखणं जास्त होतं. "आपण दोघांनी मिळून लिहिलं असतं."

"काय लिहिलं असतं? की ज्या डोंगरासाठी मला शाली मिळाल्या, तो मीच खाली आणला?" त्यांनी जाळीला हात टेकला. "अहवाल आला त्या दिवसापासून मी कोंडलेला आहे, तनुजा. गेट आज लावलं एवढंच."

आवडाबाई स्टुलाकडं गेल्या, चार घड्यांचा कागद आणला आणि सरांपुढं धरला. "घ्या. सही करा. पहिली ओळ चांगली हाय, फक्त खाली नाव तुमचं घाला, बाकीच्या ओळी खोडा. अन् 'निष्काळजीपणा' अन् 'नष्ट' खोडून 'मी लपवला' लिहा."

सरांनी पेन उचललं. भिंतीवरच कागद टेकवून त्यांनी लिहिलं, वेळ लागला, पण लिहिलं. मग खिशातून चावी काढून आवडाबाईंच्या हातावर ठेवली.

"कुंड्यांचं वजन केलं की थरांची जाडी निघेल," तनुजा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "फोटोशी ताडून बघता येईल. सोमनाथ, तराजू काढशील?"

"काढतो की. पण एकही कुंडी उलटी धरली तर मला झापू नको," सोमनाथ म्हणाला. दीपमालानं बाह्या सरसावल्या आणि चकचकीत नखांनी पहिली कुंडी उचलली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तशी.

कडुबा त्यांच्याकडून चावी घेऊन गेट उघडायला गेला. लोखंड करकरलं, जिन्यातून वारा आत आला. "मावशी, पळा, दोनची गाडी मिळेल."

"गेली तर गेली. त्या पुण्याच्या बाईशी मला बोलायचंय." आवडाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. आता खाली कागद नव्हता, तरी बसणं जडच होतं. "तनुजा, तुझ्या त्या बुकात समदं छापून येतं ना?"

"येतं."

"मग लिही. पुंडलिक धनगरानं आधीच सांगितलं होतं, नावासकट लिही. अन् त्याला खाली कुणी बसवलं, नारळ कुणी दिला, तेबी लिही. त्या दोन तांबड्या थरांत ह्या सायबाची माती हाय तशी माझीबी हाय. मी नाय लपवत."

"आत्याबाई, प्रबंधात असं लिहीत नाहीत."

"मग काय लिहिता? नुसती माती?" त्यांनी डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "खा आधी. सकाळपासून उपाशी अन् चालली डोंगराची डॉक्टर व्हायला."

तनुजानं भाकरीचा तुकडा मोडला. अर्धा तिनं न बोलता सरांपुढं धरला. त्यांनी तो घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून भिंतीशी उभे राहिले आणि एक ते सात आकडे घातलेल्या चिठ्ठ्या कुंड्यांवर चिकटवणाऱ्या पोरांकडं बघत राहिले. तिसऱ्या-चौथ्या कुंडीची अदलाबदल होत होती तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत निघालं, "नाही, राखी आधी."

गेट सताड उघडं होतं, आणि तीन वाजेपर्यंत एकही माणूस खाली उतरला नाही.